मराठी आणि उर्दू एकाच पानावर : संगणकीय मुद्रणाची पूर्वतयारी

बेळगाव, हैदराबाद, बडोदे, इंदूर अशा ठिकाणच्या ज्या महाविद्यालयांत मराठीबरोबर उर्दूही शिकवली जाते, तेथे एकाच कागदावर दोन लिप्या छापण्याचा प्रसंग वर्षभर येत असतो. प्रवेशाचे माहितीपत्रक, प्रश्नपत्रिका, स्नेहसंमेलनाची निमंत्रणे, प्रमाणपत्रे ही त्यांतील नित्याची कामे होत. बेळगावात त्यांत कन्नडची भर पडते, बडोद्यात गुजरातीची, हैदराबादेत तेलुगूची. इंग्रजी मजकूर कळ दाबताच कागदावर उतरतो. इतर लिप्यांत मात्र पडद्यावर नीट दिसलेली ओळ कागदावर चौकटी, प्रश्नचिन्हे किंवा सुटी सुटी अक्षरे होऊन येते. मग दोष प्रिंटरला दिला जातो. वस्तुतः बहुतेक वेळा बिघाड प्रिंटरपर्यंत कागद पोहोचण्यापूर्वीच झालेला असतो. याहूनही गंभीर प्रकार वेगळा आहे : पान उत्तम छापले जाते, पण संगणकात साठलेला मजकूर मराठी किंवा उर्दू नसतोच. हा दोष त्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. पाचसहा वर्षांनी जुनी प्रश्नपेढी उघडताना येतो.

अक्षर, संकेत आणि आकृती

संगणक अक्षर ओळखत नाही, अंक ओळखतो. प्रत्येक अक्षराला एक अंक नेमून देण्याची जी पद्धत, तिला संकेतप्रणाली म्हणतात. १९६३ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या आस्की प्रणालीत १२८ जागा होत्या आणि त्यांपैकी छापण्याजोगी चिन्हे रिकामी जागा धरून ९५. रोमन लिपीला एवढे पुरते, कारण तिच्यात एक अंक म्हणजे एक आकृती, आणि आकृत्या डावीकडून उजवीकडे एकापुढे एक ठेवल्या की शब्द तयार होतो.

देवनागरीत असे होत नाही. ‘विद्यार्थी’ हा शब्द घ्यावा. संगणकात तो दहा संकेतांनी साठवला जातो : व, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दीर्घ वेलांटी. कागदावर मात्र ऱ्हस्व वेलांटी ‘व’च्या आधी जाते, द आणि य यांचे जोडाक्षर बनते, आणि ‘थी’च्या आधी उच्चारला जाणारा र त्याच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. ही पुनर्रचना करणारा एक स्वतंत्र भाग संगणकात असावा लागतो. त्याला शेपिंग इंजिन म्हणतात. विंडोजमध्ये हे काम युनिस्क्राइब करीत आले. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि २०१७ पासून सर्व संगणकांवरील लिब्रेऑफिस हे हार्फबझ नावाच्या मुक्त इंजिनावर चालतात. योग्य संकेत, योग्य फॉन्ट आणि योग्य शेपिंग इंजिन या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच ‘विद्यार्थी’ विद्यार्थी राहतो. हलन्त उघडा पडून ‘विद्‌यार्थी’सारखे रूप दिसले, किंवा वेलांटी ‘व’च्या मागे गेली, तर संकेत बरोबर आहेत आणि इंजिन काम करीत नाही असे समजावे. मजकूर पुन्हा टंकित करण्याचे कारण नाही.

आठ बिटांच्या फॉन्टचा काळ

भारतीय लिप्यांसाठी प्रमाण संकेतप्रणाली उशिरा आली असे म्हणता येत नाही. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले व पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान, १९८६ चा इन्स्क्रिप्ट कळफलक आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ म्हणून स्वीकारलेली इस्की प्रणाली ही त्या प्रयत्नांची ठळक उदाहरणे. इस्कीत ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना एकच सामाईक तक्ता होता. उर्दूची लिपी त्या घराण्यातली नसल्याने ती या तक्त्याबाहेर राहिली. तिच्यासाठी सी-डॅकने पास्की ही वेगळी व्यवस्था केली. दोन्ही लिप्या सांभाळणाऱ्या संस्थांची अडचण येथूनच सुरू झाली.

छापखान्यांनी व कार्यालयांनी मात्र या प्रमाणांची वाट पाहिली नाही. पेजमेकरसारख्या त्या वेळच्या पृष्ठरचनेच्या आज्ञावलींना फक्त २५६ जागांचा रोमन फॉन्ट कळत असे. म्हणून श्री-लिपी, आकृती, कृतिदेव अशा संचांनी रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरी आकृत्या बसवल्या. अर्धा क, काना, रफार, वेलांटी यांना एकेक जागा देण्यात आली आणि टंकलेखनाच्या यंत्राप्रमाणे तुकडे जोडून शब्द तयार होऊ लागले. छपाई सुरेख येत असे, आणि १९९० नंतरची दोन दशके मराठी मुद्रण याच युक्तीवर चालले. त्याची किंमत पुढे मोजावी लागली. अशा फाइलीत ‘विद्यार्थी’ हा शब्द कोठेही नसतो. असतात ती काही रोमन अक्षरे व चिन्हे, आणि त्यांना विशिष्ट नावाचा फॉन्ट लावा ही सूचना. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती सूचना निष्फळ ठरते व पडद्यावर रोमन अक्षरांचा निरर्थक सडा दिसतो. शोध, अकारविल्हे लावणे, शुद्धलेखन तपासणे, दृष्टिहीन विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणे, यांपैकी काहीही अशा फाइलीवर होत नाही.

युनिकोडने हा प्रश्न मुळातून सोडवला. १९९१ मध्ये पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरीला यू+०९०० ते यू+०९७एफ आणि अरबी लिपीघराण्याला यू+०६०० पासूनची जागा मिळाली. उर्दूचे टे, डाल, ड़े, नून-गुन्ना, बड़ी ये यांना त्याच घराण्यात आपापले संकेत आहेत. यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, उर्दूचा दोन, रोमनचा एक. फाइल थोडी मोठी होते, परंतु मराठी, उर्दू, कन्नड व इंग्रजी एकाच ओळीत नांदू शकतात, आणि कोणता भाग कोणत्या लिपीतला हे फॉन्टच्या नावावर अवलंबून राहत नाही.

नस्तालीकची खास अडचण

उर्दू वाचकाला नस्तालीक हवे असते. नस्ख वळणात छापलेले उर्दू पुस्तक त्याला वाचता येते, पण ते आपले वाटत नाही. शिळाछापावर कातिबाच्या हाताने लिहिलेला मजकूर छापण्याची पद्धत उर्दूत एवढी टिकली ती या आवडीमुळे. चेन्नईचे १९२७ मध्ये सुरू झालेले ‘मुसलमान’ हे दैनिक तर संगणकाच्या काळातही कातिबांकडून लिहून घेतले जात होते.

नस्ख वळणात एका अक्षराची साधारण चार रूपे असतात : सुटे, आरंभीचे, मधले व शेवटचे. नस्तालीकमध्ये अक्षराचे रूप पुढे कोणते अक्षर येते त्यावर बदलते आणि अक्षरगुच्छ उजवीकडून डावीकडे तिरपा उतरत जातो. हे तुकड्यांनी जोडणे अवघड म्हणून मिर्झा अहमद जमील यांनी अख्खे अक्षरगुच्छच रेखाटण्याचा मार्ग घेतला. १८,००० हून अधिक गुच्छांचे त्यांचे नूरी नस्तालीक मोनोटाइप यंत्रावर चढले व १९८१ मध्ये ‘जंग’ या पाकिस्तानी दैनिकाने ते वापरले. १९९४ मध्ये दिल्लीच्या कॉन्सेप्ट सॉफ्टवेअरने इनपेज ही आज्ञावली आणली, तेव्हा हेच वळण साध्या घरगुती संगणकावर आले आणि भारतातील उर्दू छपाईचे चित्र पालटले. परंतु जुन्या इनपेजचे संकेत त्याचे स्वतःचे होते. त्यातला मजकूर उचलून दुसऱ्या आज्ञावलीत नेता येत नसे. म्हणून मराठी माहितीपत्रकात उर्दू पान घालायचे झाल्यास त्याचे चित्र करून चिकटवले जाई. अनेक ठिकाणी ही सवय अजून सुटलेली नाही, जरी तिची गरज संपून बरीच वर्षे झाली आहेत. लाहोरच्या संशोधन केंद्राचा नफीस नस्तालीक, २००८ मधील जमील नूरी नस्तालीक, विंडोज ८ बरोबर आलेला उर्दू टाइपसेटिंग आणि २०१४ चा मुक्त परवान्याचा नोटो नस्तालीक उर्दू हे सर्व युनिकोडवर चालतात.

नावाचा प्रश्न

तांत्रिक बाबींत सर्वांत जास्त नुकसान करणारी गोष्ट विद्यार्थ्याचे नाव ही आहे. मराठीत ‘झाकीर’, ‘झहीर’, ‘झिया’, ‘अझीझ’ ही नावे एकाच झ-ने लिहिली जातात. काही जण ज लिहितात, काही जण ज-खाली नुक्ता देतात. उर्दूत मात्र झाकीर ज़ालने, झहीर ज़ोयने, झिया ज़्वादने आणि अझीझ ज़ेने लिहिले जाते. स-चेही तसेच : साजिद सीनने, सादिक स्वादने, सना से-ने. देवनागरीवरून उर्दू करून देणारी आज्ञावली यांतले कोणते अक्षर घ्यावे हे ध्वनीवरून ठरवू शकत नाही. ती फार तर शब्दसूची पाहून अंदाज करते. प्रमाणपत्रावर स्वादच्या जागी सीन छापले गेले तर ती छपाईची चूक राहत नाही. ते दुसऱ्याच माणसाचे नाव होते. म्हणून प्रवेश अर्जातच मराठी, उर्दू व इंग्रजी नावांसाठी तीन वेगळे रकाने असावेत आणि उर्दू नाव विद्यार्थ्याने किंवा पालकाने लिहून दिल्याबरहुकूम टंकित करावे. एका रकान्यावरून दुसरा आपोआप भरू नये.

नुक्त्याचे आणखी एक वळण आहे. नुक्तायुक्त ज युनिकोडमध्ये दोन प्रकारे येऊ शकतो : स्वतंत्र एकच संकेत यू+०९५बी, किंवा साधा ज आणि त्यापुढे नुक्त्याचा संकेत. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. उर्दूत हीच गत क आणि य यांची होते. अरबी कळफलक वापरून टंकलेखन केले असेल तर अरबी काफ व अरबी ये पडतात, उर्दूचे नव्हे. नस्तालीक फॉन्टमध्ये पुष्कळदा ती नजरेला वेगळी वाटत नाहीत, पण विद्यार्थ्यांची यादी अकारविल्हे लावली की तीच नावे दोन ठिकाणी विखुरतात. संपूर्ण कार्यालयाने एकच उर्दू कळफलक वापरणे हा यावरचा सोपा इलाज होय.

मराठीपुरते पाहिले तर तीन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे लागते. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत गुरू व स्वयंपाकी एवढा फरक आहे, आणि तो केवळ र-च्या वळणावर उभा आहे. हिंदीसाठी घडवलेल्या काही फॉन्टांत हे दुसरे वळण नीट येत नाही. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेत २००८ मध्ये मिळाला, त्यामुळे त्याआधीच्या फॉन्टांत त्याच्या जागी चौकट दिसते. आणि महाराष्ट्र शासनाच्या २०२२ च्या निर्णयातील देठयुक्त श व पाकळीयुक्त ल हवे असतील, तर तशी रूपे असलेला फॉन्ट घेऊन मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवावी लागते. भाषा ‘हिंदी’ ठेवली तर तोच फॉन्ट हिंदी वळण देतो.

दिशा आणि अंक

उर्दू परिच्छेदाला उजवीकडे सरकवणे आणि त्याची दिशा उजवीकडून डावीकडे करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. केवळ सरकवले तर पूर्णविराम व कंस भलत्या टोकाला जातात. दिशा बदलण्याची खूण वर्डमध्ये परिच्छेदाच्या मांडणीत असते, पण उर्दू किंवा अरबी भाषा जोडलेली नसेल तर ती दिसतच नाही.

अंक मात्र उर्दूतही डावीकडून उजवीकडेच वाचले जातात, आणि येथे एक फसवी जागा आहे. उर्दू शब्दानंतर शैक्षणिक वर्ष ‘२००४-०५’ असे आडव्या रेघेने लिहिले तर पडद्यावर व कागदावर ते ‘०५-२००४’ असे उलटते. हा बिघाड नव्हे. युनिकोडच्या दिशानियमांप्रमाणे अरबी अक्षरांमागून आलेल्या दोन संख्यांमधली आडवी रेघ उजवीकडून डावीकडच्या प्रवाहात जाते. तिरपी रेघ वापरली तर संख्या जागेवर राहतात. किंवा संख्येच्या आधी डावीकडून उजवीकडची अदृश्य खूण, म्हणजे यू+२००ई, घालावी. प्रश्नपत्रिकेतील गुण, दूरध्वनी क्रमांक आणि परीक्षेच्या तारखा या दृष्टीने एकदा वाचून पाहाव्यात.

लिपीनुसार फॉन्ट ठरवणे

वर्डमध्ये आणि लिब्रेऑफिसमध्ये प्रत्येक मजकुराला रोमन लिपीचा फॉन्ट वेगळा व ‘गुंतागुंतीच्या लिप्यां’चा फॉन्ट वेगळा असतो. गैरसोय अशी की देवनागरी आणि उर्दू दोन्ही या दुसऱ्या गटात मोडतात, आणि तिथे फॉन्टला जागा एकच. मराठीसाठी मंगल निवडला की त्याच शैलीतील उर्दू भलत्याच वळणात जाते, आणि नस्तालीक निवडले की मराठी बिघडते. उपाय म्हणून मराठी व उर्दू यांच्या दोन वेगळ्या शैली तयार करून त्यांना आपापला फॉन्ट, आकार, भाषा व दिशा एकदाच ठरवून द्यावी आणि साचा म्हणून जतन करावा. उर्दूच्या शैलीत ओळींतील अंतर कधीही ठरावीक मापाचे ठेवू नये. नस्तालीक उतरत जाते, त्यामुळे वरच्या ओळीचे खालचे नुक्ते छाटले जातात. नुक्ता गेला की बे-चा अर्थ लागत नाही. तक्त्याच्या रांगांची उंचीही याच कारणाने मोकळी सोडावी.

विंडोज १० आल्यापासून मंगल आणि उर्दू टाइपसेटिंग हे फॉन्ट प्रत्येक संगणकावर आपोआप असतातच असे नाही. ते पूरक फॉन्ट म्हणून वेगळे जोडावे लागतात. देवनागरीसाठी निर्मला यूआय मात्र असतो. परीक्षा विभागातील संगणकावर जुळवलेली प्रश्नपत्रिका छपाईच्या संगणकावर वेगळ्याच पानावर संपते, ती या अदलाबदलीमुळे.

संगणकापासून कागदापर्यंत

जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मजकूर-पद्धतीत चालतो तेव्हा त्याला फक्त संकेत पाठवले जातात व अक्षरे तो स्वतःच्या स्मृतीतून काढतो. त्या स्मृतीत देवनागरी नसते. शुल्काच्या कार्बन पावत्यांसाठी तो अजून उपयोगी आहे, परंतु ‘जेनेरिक / टेक्स्ट ओन्ली’ हा ड्रायव्हर लावला असेल तर मराठी नावे त्याच्यावर उमटणार नाहीत. कंपनीचा मूळ ड्रायव्हर घालून पान चित्र म्हणून पाठवावे. वेग कमी होतो, अक्षर येते. लेझर प्रिंटरमध्ये पडद्यावरचे बरोबर व कागदावरचे चूक असा प्रकार घडल्यास ड्रायव्हरमध्ये ट्रूटाइप फॉन्ट ग्राफिक्स म्हणून छापण्याचा पर्याय निवडावा आणि फॉन्ट बदलून घेण्याची सारणी बंद करावी.

छापखान्याकडे फाइल पाठवताना पीडीएफ पाठवावी, आणि तीत सर्व फॉन्ट समाविष्ट आहेत हे गुणधर्मांच्या यादीत पाहावे. जतन करावयाच्या प्रतीसाठी पीडीएफ/ए हा प्रकार योग्य, कारण त्यात फॉन्ट समाविष्ट असणे बंधनकारकच आहे. तरीही पीडीएफ म्हणजे कागदच समजावा. तीतून मराठी मजकूर उचलला की वेलांट्या व रफार विस्कळीत झालेले पुष्कळदा आढळतात, म्हणून मूळ युनिकोड फाइल सोबत ठेवलीच पाहिजे. विद्यार्थ्यांच्या याद्या एक्सेलमधून बाहेर काढताना साध्या सीएसव्हीऐवजी ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडावे. साध्या प्रकारात प्रत्येक मराठी व उर्दू अक्षराचे प्रश्नचिन्ह होते, आणि चौकटीप्रमाणे ते फॉन्ट बदलून दुरुस्त होत नाही. चौकट म्हणजे अक्षर आहे, आकृती नाही. प्रश्नचिन्ह म्हणजे अक्षरच गेले.

जुन्या फाइली

आठ बिटांच्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणणाऱ्या परिवर्तक आज्ञावली उपलब्ध आहेत, इनपेजसाठीही आहेत. त्यांना मूळ फॉन्टचे नेमके नाव लागते. म्हणून प्रत्येक जुन्या फाइलीसोबत फॉन्टचे नाव टिपून ठेवणे हे पहिले काम. दुसरी दक्षता इंग्रजी शब्दांची : मराठी व इंग्रजी मजकूर एकाच रोमन संकेतांत असल्यामुळे फाइल साध्या मजकुरात उतरवली की दोन्ही एकच होतात आणि परिवर्तक इंग्रजी शब्दांचेही निरर्थक देवनागरी करून टाकतो. परिवर्तनानंतर रफार, जोडाक्षरे आणि अनुस्वार हाताने तपासण्यावाचून गत्यंतर नाही. हे काम पूर्ण होईपर्यंत ज्या संगणकावर तो संच चालतो तो मोडीत काढू नये, आणि तोवर निदान पीडीएफ करून ठेवाव्यात.

चाचणीचे पान

नवा प्रिंटर, नवा फॉन्ट किंवा नवा छापखाना स्वीकारण्यापूर्वी एक ठरलेले पान छापून पाहणे सर्वांत स्वस्त पडते. त्यात मराठीचे ‘विद्यार्थी’, ‘आचार्यास’, ‘आचाऱ्यास’, ‘ॲलर्जी’, ‘शृंखला’, ‘उज्ज्वल’ हे शब्द असावेत. उर्दूत ज़ाल, ज़े, ज़्वाद व ज़ोय यांनी सुरू होणारे एकेक नाव, बड़ी ये-ने संपणारा एक शब्द, कंसातील मजकूर आणि आडव्या रेघेचे एक शैक्षणिक वर्ष असावे; बेळगावात कन्नडचे खाली ओत्तू येणारे एखादे जोडाक्षरही. मराठी वाचणाऱ्याने मराठी आणि उर्दू वाचणाऱ्याने उर्दू तपासून त्या पानावर प्रिंटर, ड्रायव्हर, फॉन्ट यांची नावे व तारीख लिहावी आणि ते परीक्षा विभागाच्या फाइलीत लावावे. संगणकाची आज्ञाप्रणाली अद्ययावत झाली की तेच पान पुन्हा छापून जुन्याशी ताडून पाहता येते.